गोपीला दिसलेला धूमकेतू

त्या हिवाळ्यात आमच्या घरी दिवेलागणीला दिवे मालवले जायचे. नियम माझाच. हुडकेश्वरच्या नव्या ले-आउटमध्ये आमचं घर अगदी कडेला. रस्त्यावर विजेचे खांब उभे होते, पण त्यांवर बल्ब यायचे होते, आणि कुंपणापलीकडे नुसती तुरीची शेतं. हॅलेचा धूमकेतू बघायला याहून चांगली गच्ची नागपुरात कुणाकडे नसेल, असं मला वाटायचं. फक्त घरातला उजेड जिन्यातून वर यायचा. म्हणून सातच्या आत स्वयंपाक उरकायचा आणि एकेक बटण बंद करत वर जायचं.

"लक्ष्मी यायच्या टायमाले आपल्या घरी ब्लॅकआउट," सासूबाई देवघरातून म्हणायच्या. "पाकिस्तानचं इमान येऊन राहिलं का वं, सूनबाई?"

देवापुढचं निरांजन मात्र त्या विझवू देत नसत. मी नुसतं दार ओढून घ्यायचे.

मुकुंद, माझे यजमान, रामटेककडे पाटबंधाऱ्याच्या कामावर होते. शनिवारी यायचे, सोमवारी पहाटे जायचे. घरात सासूबाई, मी आणि आमची गोपिका, म्हणजे गोपी, चार वर्षांची. लग्नाआधी मी बी.एस्सी. झाले होते, पण त्या पदवीचा उपयोग दुधाचा हिशेब करण्यापलीकडे कधी झाला नव्हता. दिवाळीच्या सुमारास कॉलेजातले आमचे घाटोळे सर बर्डीच्या बाजारात भेटले. धूमकेतूचा उजेड रोज किती वाढतो, याच्या नोंदी ते गावोगावच्या निरीक्षकांकडून मागवत होते. त्यांनी मला एक दुर्बीण आणि ताऱ्यांचा तक्ता दिला. पुष्कळ दिवसांनी कुणीतरी माझ्यावर एखादं काम सोपवत होतं.

काम सोपं नव्हतं. वर गेल्यावर आधी अर्धा तास नुसतं अंधारात बसायचं. डोळे अंधाराला सरावायला तेवढा वेळ लागतोच. हातातल्या टॉर्चला मी पतंगाचा लाल कागद बांधला होता, कारण पांढरा उजेड एकदा डोळ्यांत गेला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मग धूमकेतू शोधायचा. तो थेट रोखून पाहिला की विरघळून जायचा. जरा बाजूला बघितलं की डोळ्याच्या कडेला उमटायचा, पाटीवर अर्धवट पुसलेल्या खडूसारखा. तो सापडला की दुर्बिणीचं चाक फिरवून सगळं आकाश मुद्दाम अंधुक करायचं. तारे फुगून कापसाच्या बोंडासारखे झाले की त्यातला कुठला धूमकेतूच्या तोडीचा दिसतो, ते बघायचं. त्या ताऱ्याची प्रत, म्हणजे तेजाचा आकडा, तक्त्यात असते. तीच त्या दिवसाची धूमकेतूची प्रत. ती पोस्टकार्डावर लिहून सरांना पाठवायची.

सरांनी एक गोष्ट बजावून सांगितली होती. "आधी बघा, लिहा, मग पेपर वाचा. आकडा आधी कळला की डोळा मुकाट्यानं त्याच्या मागे जातो. आणि दुसऱ्याला दाखवाल तेव्हा जागा सांगू नका. त्याला शोधू द्या. जागा सांगितली की भल्याभल्यांना दिसतं."

स्वतःपुरता हा नियम मी कसोशीनं पाळला. मुकुंद येईपर्यंत पेपर त्यांच्या टेबलावर घडीही न मोडता पडून असायचे.

गोपीला त्याच दिवाळीआधी गोवर निघाला होता. अंगभर पुरळ, ताप, डोळे चिकटलेले. सासूबाईंनी खोलीत कडुलिंबाचा पाला ठेवला आणि पथ्य सांगितलं: तेल-फोडणी बंद, दूध बंद, अंडं तर नावालाही नाही. गोवर उतरला, पण जुलाब लागले, ते काही केल्या थांबेनात. पोर वाळून काडी झाली. नऊ दिवस झाल्यावर सासूबाई म्हणाल्या, "झालं पथ्य. आता दे वं लेकराले दुधावरची साय. अंडं उकडून दे."

मी दिलं नाही. एकदा पालकाची भाजी दिली होती, त्या रात्री तिला चार वेळा उठावं लागलं. माझी हिंमतच होईना. पेज, मुगाचं पाण्यासारखं वरण आणि टोस्ट. जुलाब थांबले तरी मी तेच देत राहिले. आणखी आठ दिवस जाऊ देत, मग बघू. त्या आठ दिवसांना पुढे आठ दिवस लागत गेले. सासूबाई हसायच्या. "माह्यं पथ्य तरी संपत होतं बाप्पा. हे कॉलेजचं पथ्य दिसते."

डिसेंबरात गोपी अंधाराला घाबरायला लागली. दिवे गेले की माझा पदर धरून बसायची. परसात एकटी जायची नाही. जेवताना वाटी लवंडायची.

"पोरगी अंधाराले भेऊन राहिली," सासूबाई म्हणाल्या. "तिले माह्यापाशी राहू दे, देवघरात. तू जा तुह्या शेंडेनक्षत्राकडे."

"आई, भीती घालवायची तर अंधारातच न्यायला हवं," मी म्हटलं. मानसशास्त्राचं असं काहीतरी मी एका मासिकात वाचलं होतं.

म्हणून मी तिला कडेवर घेऊन वर न्यायला लागले. शालीत गुंडाळून मांडीवर बसवायचं आणि धूमकेतू दाखवायचा.

"दिसला?"

"नाई."

"नीट बघ. ती शेजारच्यांची पाण्याची टाकी आहे ना, तिच्यावर चार बोटं. हात लांब कर. असा. आता दिसला?"

"नाई दिसला."

"गोपी, बघतच नाहीस तू. डोळे कुठं आहेत तुझे? सगळ्या जगाला दिसतो आणि तुला दिसत नाही?"

असं दोन-तीन दिवस चाललं. मग एका संध्याकाळी ती म्हणाली, "दिसलं." हात लांब करून चार बोटं धरली, अगदी बरोबर जागी. मी तिचे पटापट मुके घेतले. तिला शालीतून काढून गच्चीभर नाचवलं. तिला किती आनंद झाला! आजारानंतर इतकी हसलेली मी तिला पाहिली नव्हती.

त्यानंतर रोजच तिला दिसायला लागला. धूमकेतू सूर्याच्या ओढीनं दररोज थोडा पश्चिमेकडे, खाली सरकत होता, आणि हेही मी तिला सांगितलं होतं. ती रोज हात थोडा खाली न्यायची. "कालच्याहून बोटभर खाली. हो ना आई?" आणि तो तिथंच असायचा. माझ्या पोरीला ग्रहगती कळते, असं मी मुकुंदना रविवारी सांगितलं. ते पेपरात डोकं घालून म्हणाले, "मग तुझी कार्डं आता तिलाच लिहू दे."

नव्या वर्षात शेजारच्या कांताबाई एकदा वर आल्या. बिचाऱ्यांनी मान मोडेपर्यंत बघितलं. "मले तं काईच दिसून नाही राहिलं वं. कुठं हाये?"

गोपीनं हात लांब केला. "टाकीच्या बाजूले, मावशी. दोन बोटं. पांढरं-पांढरं."

"पाह्य बाप्पा, काय डोळे हायेत पोरीचे! घारीचे डोळे!" कांताबाई म्हणाल्या. मला फार बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

संक्रांतीच्या दोन-चार दिवस आधीची ती संध्याकाळ. दिवसभर आकाश निरभ्र होतं, पण सूर्य मावळता मावळता पश्चिमेला ढग चढले. डोक्यावर तारे होते. खाली शेतांवर मात्र काळ्या गोधडीसारखा ढगांचा पट्टा, टाकीच्याही वर आलेला. धूमकेतू आता सूर्याच्या इतका जवळ गेला होता की पुढचे मोजकेच दिवस उरले होते. एखादी फट पडेल म्हणून मी बसून राहिले. गोपी मांडीवर होती. मी गप्प होते, म्हणून ती चुळबुळत होती.

"आई, दिसलं!" ती म्हणाली.

"काय?"

"धूमकेतू. कालच्याहून बोटभर खाली." आणि तिनं हात लांब करून ढगांच्या मधोमध बोट रोखलं.

मी तिच्या बोटाच्या रेषेत बघितलं. तिथं काहीच नव्हतं. काही असूच शकत नव्हतं.

"तिथं ढग आहेत, गोपी."

तिनं बोट थोडं बाजूला नेलं. "ढगाच्या बाजूले हाये."

"खोटं बोलतेस?"

"नाई. दिसलं मले."

"म्हणजे रोज खोटं बोलत होतीस? कांतामावशींनाही?" आणि मी तिला मारलं. गालावर. फार जोरात नाही, असं मी पुष्कळदा स्वतःशी म्हटलं आहे. पण तिची मान फिरली इतकं जोरात. ती मोठ्यानं रडली नाही. तोंड मिटून हुंदके देत राहिली आणि मध्येच म्हणाली, "दिसलं ना, आई. दिसलं मले."

मी तिला खाली उतरवलं, दुर्बीण गळ्यात अडकवली आणि जिन्याकडे निघाले. "ये माझ्या मागे. आज उचलून घेणार नाही." टॉर्च मी लावलाही नाही. ताऱ्यांच्या उजेडात मला पायऱ्या दिसत होत्या, फुटक्या फरशीची कडदेखील. चार पायऱ्या उतरून मी वळून बघितलं. गोपी वरच्या पायरीवर उभी होती. एक पाय पुढे काढून हवेत चाचपत होती, पाण्यात पाय घालावा तशी. दोन्ही हात पुढे.

"ये ना. काय चाललंय?"

"पायरी कुठं हाये?"

"समोर आहे. बघ की."

तिनं मान वर केली. मी तिच्यापासून चार पायऱ्यांवर, पांढऱ्या शालीत उभी होते, आणि ती माझ्या डोक्यावरून भिंतीकडे बघत होती. मी मुद्दाम जागची हलले नाही. तिला मी दिसत नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं. फक्त खात्री करून घ्यायची होती.

तेवढ्यात ती घाबऱ्या आवाजात म्हणाली, "आई? तू गेली का?"

मी धावत जाऊन तिला उचललं. सासूबाईंना हाक मारली, "आई, दिवे लावा. सगळे दिवे लावा."

रात्रभर मला एकेक गोष्ट आठवत गेली. लवंडलेल्या वाट्या. परसातून येताना भिंतीला लागलेला तिचा हात. दिवसा अंगणभर बागडणारी पोर दिवेलागणीला खुर्ची धरून बसायची, ते. मी तिला अंधारात अर्धा तास बसवत होते, डोळे सरावू देत म्हणून. तिचे डोळे सरावतच नव्हते. तिला धूमकेतू दिसत नव्हता, टाकी दिसत नव्हती, आकाशातला एक ताराही दिसत नव्हता. हात कुठं धरायचा ते मीच शिकवलं होतं; तिला एवढंच कळलं होतं की 'दिसलं' म्हटलं की आई नाचवते. आकाशातल्या पुसट डागाचा उजेड कणभर वाढला, तरी मला कळायचा; आणि माझ्या मांडीवर बसलेलं पोर आंधळ्यासारखं चाचपडत होतं.

सकाळी आम्ही तिघी धंतोलीत मुलांच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी टॉर्चनं तिचे डोळे बघितले, खालची पापणी ओढून पुन्हा बघितले.

"गोवर झाला होता?"

"हो. दिवाळीआधी."

"त्यानंतर खायला काय देता?"

मी सांगितलं.

"दूध?"

"बंद आहे."

"अंडं? पालेभाजी? गाजर, पपई?"

"बंद."

"अजून? जानेवारी आहे हा!" ते टेबलावर हात आपटून म्हणाले. "अ जीवनसत्त्व संपलंय पोरीच्या अंगातलं. गोवरानं आधीच ओढून घेतलं, वर तुम्ही उपाशी ठेवलंत. बुबुळाजवळचा भाग कोरडा पडायला लागलाय. असंच चालू राहिलं असतं तर बुबुळ फुटून दिवसाचंही दिसायचं गेलं असतं. कुणी सांगितलं होतं हे पथ्य?"

मी गोपीच्या फ्रॉकची बटणं लावायला लागले.

"मीच सांगतलं होतं जी, डाक्टरसाहेब," सासूबाई म्हणाल्या. "आमी जुनी मान्सं. आमाले काय समजते."

"तुम्ही म्हाताऱ्या बायकाच पोरांचे डोळे घालवता," डॉक्टर म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "आणि तुम्ही तर शिकलेल्या दिसता. सासूला सांगता येत नाही?"

सासूबाई मान खाली घालून पदराच्या टोकाशी चाळा करत बसल्या होत्या. मी तेव्हाही बोलले नाही. डॉक्टर औषधाचा डोस गोपीच्या तोंडात सोडत होते, आणि मी तिचे हात धरून ठेवले होते, जणू त्याहून दुसरं काही करायला मला सवडच नव्हती.

"आज एक, उद्या एक, मग दोन आठवड्यांनी," ते म्हणाले. "रात्रीचं दिसायला लवकर लागेल, लागायला हवं. पण तुम्ही नीट लक्ष ठेवा. नाही दिसलं तर लगेच या."

रिक्षात मी सासूबाईंना म्हटलं, "आई, तुम्ही असं का सांगितलंत? तुम्ही तर साय द्यायला सांगत होतात."

"तू रडली असती थेथंच. पोरगी अजून भेली असती." मग रस्त्याकडे बघत, "पहिल्या दिवसाचं पथ्य तं माह्यंच होतं ना. राहू दे."

शनिवारी मुकुंद आले, तेव्हा मी सासूबाईंच्या आधी बोलले. सगळं सांगितलं, मारलं तेही. ते किती तरी वेळ गोपीच्या केसांतून हात फिरवत राहिले. "मला तरी कुठं कळलं? मीही रविवारी घरात असतो ना," एवढंच म्हणाले. त्यांनी मला रागावायला हवं होतं, असं अजून वाटतं.

दुर्बीण मी कपाटात ठेवून दिली. घरात संध्याकाळभर सगळे दिवे जळायचे. गोपीला अंडं, पपई, तुपातली मेथी, ती मागेल ते. पोट एकदा बिघडलं, पुन्हा ठीक झालं. आणि रोज संध्याकाळी माझा प्रश्न.

"गोपी, दाराबाहेर बघ. काही दिसतं?"

"दिसते."

"काय दिसतं?"

ती माझ्याकडे बघायची. "तू सांग."

 मी तिला बाहेर नेऊन विचारलं, तुळस दिसते का? दिसते. गाय दिसते का? दिसते. गाय नव्हतीच. ती आता कशालाही 'दिसते' म्हणायची, आणि म्हणताना गाल किंचित मागे घ्यायची. डॉक्टरांनी नीट लक्ष ठेवायला सांगितलं होतं, पण आम्हा दोघींमध्ये मी अशी खोट करून ठेवली होती की तिच्या कुठल्याच उत्तरावर विसंबता येत नव्हतं. तिचे डोळे सुधारले की नाही, हे मला विचारून कधीच कळणार नव्हतं. दिवे लागलेल्या घरात ती नीट चालायची. ते तर ती आधीही चालत होती.

मग मी विचारणं सोडून दिलं.

दुसरा आठवडा संपत आला होता. संध्याकाळी लाइन गेली. खांबांवर नुकतेच बल्ब लागले होते, तेही विझले. मी सवयीनं उठले, मेणबत्ती शोधायला. आणि तशीच पुन्हा बसले. गोपी खाटेवर माझ्या शेजारी होती. तिनं माझा पदर धरला नाही, एवढं माझ्या लक्षात आलं. समोर भिंतीशी सासूबाई पाटावर बसल्या होत्या. खिडकीतून आभाळाचा असतो तेवढा उजेड येत होता. मला त्यांची नुसती आकृती दिसत होती. 

"आजी," गोपी म्हणाली, "तू लाडू खाऊन राहिली का वं?"

भिंतीपाशी पदर सळसळला.

"आजी!"

"काहीचं काही! मी कुठं लाडू खाऊन राहिली?" सासूबाई म्हणाल्या, पण तोंडात तीळगूळ होता, ते शब्दांवरून कळलं. साखरेच्या आजारामुळे त्यांना गूळ बंद होता आणि संक्रांतीचे लाडू मी मुद्दाम वरच्या फळीवर ठेवले होते.

"पदराखाली लपवला. आता इकडच्या हातात घेतला." गोपी खाटेवरून उतरली, मधल्या बादलीला वळसा घालून सरळ आजीपाशी गेली आणि त्यांच्या मुठीवर तिनं बोट ठेवलं. "हा काय!"

"अवं माय!" सासूबाईंनी मूठ उघडून तिला जवळ ओढलं. त्यांचा आवाज बदलला होता. "माह्ये माय, दिसला तुले? अंधारात दिसला माह्या लाडू? चोरी पकडली रांडेनं माही!" त्या हसत होत्या आणि पदर डोळ्यांना लावत होत्या. "सूनबाई, आयकलं का वं?"

मी ऐकलं होतं. 

गोपी आजीच्या मांडीतून निसटली आणि माझ्यापासून हातभर अंतरावर येऊन थांबली. मी काहीच विचारलेलं नव्हतं; त्या मारानंतर पहिल्यांदा तिनं स्वतःहून काही सांगितलं होतं. आता ती थांबून माझ्या तोंडाकडे बघत होती. भिंतीकडे नाही, डोक्यावरून नाही. नेमकी माझ्या तोंडाकडे, आधी ओठांकडे, मग डोळ्यांकडे.

"बरोबर सांगतलं ना, आई?"

"ते मला विचारायचं नाही, बाळा. तुला दिसलं ना?"

 ती अजून माझ्याकडे बघतच होती. त्या अंधारात तिला माझा चेहरा दिसत होता, आणि तो हसतो की नाही, हे बघूनच ती काय ते ठरवणार होती.